कळमन्याचा नाला, गोसीखुर्दचा मासा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोरेवाडा तलावातून निघालेली पिवळी नदी उत्तर नागपूर ओलांडून कळमन्याच्या बाजूने पुढे जाते आणि नाग नदीला मिळते. नाग कन्हानला मिळते, तर कन्हान अंभोऱ्याच्या संगमावर वैनगंगेला. पुढे भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द येथे वैनगंगा अडवली आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेले हे धरण ११ किलोमीटरहून लांब असून त्याला ३३ दरवाजे आहेत. 'इंदिरासागर' या नावाच्या या जलाशयाचा फुगवटा थेट भंडारा शहरापर्यंत पोचतो. म्हणजे कळमन्यातल्या मोरीतून निघालेले पाणी शेवटी जिथे थांबते, तिथेच ढिवर बांधव जाळे टाकतात आणि काठची गावे पाणी भरतात. या पाण्याबद्दलच्या काही समजुती इतक्या रुजल्या आहेत की त्या तपासून पाहायलाच हव्यात.

गैरसमज १ : वाहत्या पाण्यात घाण आपोआप नाहीशी होते.

वस्तुस्थिती : नदीला स्वतःला सावरण्याची ताकद असते, हे खरे. खडकांवरून खळाळताना पाण्यात हवेतला प्राणवायू मिसळतो आणि तो वापरून सूक्ष्मजीव सेंद्रिय घाण कुजवतात. पण या ताकदीला मर्यादा आहे. नायट्रोजन, फॉस्फरस आणि जड धातू तर असे संपतच नाहीत. त्यात धरण आले की पाण्याचा वेग मोडतो, गाळ तळाशी बसतो आणि पूर्वी काही दिवसांत पुढे जाणारे पाणी महिनोन्‌महिने मुक्काम करते. नदीने कसेबसे सोसलेले सांडपाणी जलाशयाला म्हणूनच जास्त बाधते.

गैरसमज २ : पाणी नितळ दिसते, म्हणजे ते शुद्ध आहे.

वस्तुस्थिती : जंतू, नायट्रेट आणि विरघळलेली रसायने डोळ्यांना दिसत नाहीत. पावसाळ्यात गढूळ झालेले पाणी थोपले की गाळ बसून नितळ दिसू लागते, पण त्यातले जंतू तिथेच असू शकतात. तुरटीने गढूळपणा जातो, उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट आणि धातू मात्र उकळूनही जात नाहीत, उलट पाणी आटल्यावर त्यांचे प्रमाण किंचित वाढते. म्हणून पाण्याचा दर्जा डोळ्यांनी नव्हे, तपासणीनेच ठरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार मासे आणि जलचरांसाठीच्या पाण्यात दर लिटरला किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा. प्रक्रिया करून पिण्यासाठी घ्यायच्या पाण्यात जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, ३ मिलिग्रॅमच्या वर नको. पाण्यातली घाण कुजवायला सूक्ष्मजीवांना किती प्राणवायू लागेल, याचे माप म्हणजे बीओडी. ते जितके जास्त, तितका माशांच्या वाट्याचा प्राणवायू कमी.

गैरसमज ३ : मासे मेले, म्हणजे कोणीतरी विष टाकले.

वस्तुस्थिती : विषप्रयोग होतातच, पण मेलेल्या माशांचा खच पडण्यामागे पुष्कळदा प्राणवायूची टंचाई असते. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात. रात्री त्या स्वतःच तो वापरतात. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. शिवाय पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो : १५ अंशाला दर लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम, तर ३० अंशाला जेमतेम साडेसात. वैदर्भीय उन्हाळा, कुजणारी घाण आणि ढगाळ आभाळ एकत्र आले की पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. हा इशारा आहे. म्हणून तपासणीचा नमुना दुपारी नव्हे, पहाटे घ्यावा.

गैरसमज ४ : मासे जिवंत आहेत, म्हणजे पाणी चांगले आहे.

वस्तुस्थिती : कोणता मासा जिवंत आहे, हे आधी पाहावे. मरळ, मागूर आणि शिंगी हवेतूनही श्वास घेऊ शकतात, तिलापिया हलक्या प्रतीच्या पाण्यातही तग धरतो. या माशांची गर्दी आणि बाकीच्या जातींची पीछेहाट, हे बिघाडाचेच लक्षण आहे. धरण झाले, पाणी वाढले, आता मासळीही वाढेल, ही आशाही अर्धीच खरी. कटला, रोहू, मृगळ या जाती पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात सहसा नाही. म्हणून जलाशयांत बोटुकली, म्हणजे माशांची लहान पिल्ले, सोडावी लागतात. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरक टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले, त्यानंतर हे बीज हुकमी मिळू लागले. पण खडकाळ, वाहत्या पात्रात राहणाऱ्या स्थानिक जातींना बोटुकलीचा आधार नाही. प्रवाह थांबला की त्यांचे घरच जाते.

गैरसमज ५ : जलपर्णी हीच खरी समस्या, ती काढली की पाणी स्वच्छ.

वस्तुस्थिती : दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते आणि अनुकूल पाण्यात सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. तिची जाड चादर प्रकाश अडवते, हवेचा स्पर्श तोडते, नाव आणि जाळे अडकवते. ती पाण्यातली पोषकद्रव्ये शोषते, म्हणून काही जण तिला शुद्धीकरणाचे साधन मानतात. पण ती पाण्यातच कुजली तर शोषलेले सारे परत पाण्यात येते आणि प्राणवायूही खर्ची पडतो. काढलेली जलपर्णी काठावर टाकून देणे म्हणजे पुढच्या पावसात ती पुन्हा पाण्यात ढकलणे. शिवाय तिचे बी गाळात अनेक वर्षे टिकते. तिचे खाद्य, म्हणजे नाल्यातून येणारे सांडपाणी, थांबल्याशिवाय ती परत येतच राहणार.

गैरसमज ६ : हा धरणकाठचा प्रश्न आहे, शहराचा नाही.

वस्तुस्थिती : पूर्व आणि उत्तर नागपूरला पिण्याचे पाणी कन्हान नदी देते. ते नाग नदीच्या संगमाच्या बरेच वर, कामठीजवळ उचलले जाते. आपण वरून चांगले पाणी घेतो आणि खाली त्याच नदीत वापरलेले सोडतो. उपायही शहरातच आहे. भांडेवाडीत प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला दिले जाते, तेवढे नदीचे ताजे पाणी वाचते. पण प्रक्रिया केंद्र कितीही मोठे असले तरी त्यात पोचेल तेवढेच सांडपाणी ते शुद्ध करते. गटारवाहिनीला न जोडलेल्या वस्तीचे पाणी सरळ नाल्यात जाते. त्यामुळे नाग नदी शुद्धीकरणाचे यश मोजायचे ते पहाटे गोसीखुर्दच्या पाण्यात किती प्राणवायू आहे, यावरून. काठाच्या सुशोभीकरणावरून ते कळणार नाही.

कळमन्यातल्या रहिवाशाने आणि व्यापाऱ्याने यात काय करावे? भाजीपाल्याचा ओला कचरा आणि सडकी फळे नाल्यात न जाता खतात जावीत. उरलेले तेल मोरीत ओतू नये. घर गटारवाहिनीला जोडले आहे का, हे विचारावे आणि नसेल तर जोडणी मागावी. महापालिकेकडून आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून पिवळी, नाग आणि कन्हान या तिन्ही नद्यांच्या तपासणीचे आकडे मागावेत. खाली जाळे टाकणाऱ्या माणसाला आपण कधी भेटलो नसू, पण आपल्या मोरीचे पाणी त्याच्यापर्यंत पोचतेच. ते कोणत्या अवस्थेत पोचावे, हे ठरवणे मात्र आपल्या हातात आहे.