हँडल हालायलंय, पण कुठून?

‘हँडल हालायलंय’ ही तक्रार नांदेड-लातूरच्या गॅरेजांत रोज ऐकू येते आणि दर वेळी तिचं कारण निराळं निघतं. कुणाच्या हँडलचा क्लॅम्प सैल असतो, कुणाच्या क्लच लिव्हरची बैठक फिरते, कुणाची डावी मूठ सरकते, तर कुणाचा कोन सेट बसलेला असतो. यातली बरीच कामं घरच्या अंगणात होण्यासारखी आहेत. मात्र पाना हातात घ्यायच्या आधी दोष कुठे आहे ते बोटांनी शोधावं लागतं, आणि नेमकी तीच पायरी बहुतेक जण गाळतात. दिसेल तो बोल्ट आवळत सुटतात. मग एखाद्या बोल्टचे आटे जातात आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

आपल्याकडे हे दुखणं इतकं का आढळतं? पहिलं कारण जमिनीत आहे. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर केलेला रस्ताही तिच्याबरोबर खालीवर होतो. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला येणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आता बऱ्याच अंतरात रुंद आणि सपाट झाला आहे. पण तो सोडून कंधारकडे किंवा आडवळणाच्या एखाद्या गावाकडे वळलात, की पुढच्या चाकाला बसणारा प्रत्येक दणका थेट मुठीत येतो. दुसरं कारण ओझ्याचं. १९९४ साली आलेली स्प्लेंडर ९७.२ सीसीची, हलक्या अंगाची गाडी. इथे तिच्यावर दुधाचे कॅन, चाऱ्याचे भारे, सोयाबीनचं बियाणं आणि वर घरचं माणूस, असा सगळा संसार चालतो. हँडलला पिशव्या अडकवणं तर इतकं अंगवळणी पडलंय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा टंचाईच्या उन्हाळ्यात पाण्याचे कॅनही दुचाकीवरूनच घरी येतात. हँडलच्या टोकाला टांगलेलं वजन प्रत्येक खड्ड्यात क्लॅम्पला पिळत राहतं.

आता तपासणी. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या. ज्या गाडीला डबल स्टँडच नाही तिच्या इंजिनखाली मजबूत लाकडी ठोकळा द्या आणि मागे एक माणूस धरायला ठेवा. मग डाव्या हाताची तर्जनी क्लॅम्प आणि त्याखालचा ब्रिज (शॉकअपच्या दोन्ही नळ्यांना वरून जोडणारा भाग) यांच्या सांध्यावर आडवी ठेवा, म्हणजे अर्धं बोट वरच्या भागावर आणि अर्धं खालच्या भागावर येईल. उजव्या हाताने मूठ धरून हँडल वर-खाली, मागे-पुढे हलकेच झुलवा. सांधा सैल असेल तर डोळ्यांना काही दिसायच्या आत बोटाला कळतं. कातडीखाली बारीकशी सरक जाणवते, कधी ‘टिक’ असा स्पर्श होतो. तेच बोट पुढे क्लॅम्प आणि हँडलच्या नळीच्या सांध्यावर न्या. मग लिव्हरच्या बैठकीवर, मग आरशाच्या बुडाशी. जिथे बोटाखाली दोन भाग वेगवेगळे हलतात, तिथे दोष. हाताखालच्या पोराला जाणते मेकॅनिक हेच सांगतात, “कसायलाव कशाला? आधी हालायलंय काय ते तर बघ.”

समजा, नळी क्लॅम्पमध्ये फिरते आहे. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत वर दोन टोप्या आणि चार बोल्ट असतात. बोल्टांभोवती साचलेली माती आधी जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर पाना डोक्यावर नीट बसत नाही आणि कोपरे झिजतात. उघड्या तोंडाच्या पान्यापेक्षा रिंग पाना बरा, तो बोल्टचं डोकं सगळीकडून पकडतो. चारही बोल्ट थोडे सैल करा. नळीवर बहुधा ठिपक्यासारखी एक खूण ठोकलेली असते, ती क्लॅम्पच्या फटीशी जुळवा. ही खूण म्हणजे कंपनीने ठरवलेला हँडलचा कोन. टोपीवरही ठिपका असेल तर तो पुढच्या बाजूला हवा. होंडाच्या रचनेवर बेतलेल्या गाड्यांत पुढचे दोन बोल्ट आधी पूर्ण बसवतात आणि नंतर मागचे, त्यामुळे उरलेली फट मागच्या बाजूलाच राहते. काही कंपन्या दोन्हीकडे सारखी फट मागतात. म्हणून गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक एकदा तरी उघडावं.

किती आवळायचं, हा खरा प्रश्न. या जाडीच्या बोल्टांना साधारण वीस-पंचवीस न्यूटन-मीटर जोर लागतो. घरी टॉर्क पाना कुणाकडे असणार? अंदाज असा घ्या: वीतभर लांब पान्याच्या टोकाला, भरलेली दहा लिटरची कळशी उचलताना हाताला जेवढा जोर लावावा लागतो तेवढाच किंवा त्याहून किंचित जास्त. पान्यावर नळी घालून अंग टाकायचं काही कारण नाही. खालचे आटे बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या भागात असतात आणि बोल्ट पोलादाचा. जोर जास्त झाला की हार कोण मानणार हे ठरलेलंच आहे. इतकं करूनही क्लॅम्पसकट सगळंच डुलत असेल, तर खाली रबरी बूश आहेत का ते पाहा. काही गाड्यांत ते असतात, आणि आपल्या उन्हात ते कडक होऊन चिरतात. ते बदलायचेच, आवळून उपयोग नाही. काही पल्सर गाड्यांना दोन बाजूंचे दोन स्वतंत्र हँडल असतात, थेट शॉकअपच्या नळीला कवळलेले. तिथे प्रत्येक बाजूचा बोल्ट वेगळा पाहावा लागतो.

क्लच-ब्रेकच्या लिव्हरमधला सैलपणा दोन तऱ्हेचा असतो. एक बैठकीचा, म्हणजे अख्खी लिव्हर नळीभोवती फिरते. ही बैठक मुद्दाम बेताचीच घट्ट ठेवावी. हाताने फिरू नये, पण पावसात शिवाराच्या वाटेवर गाडी आडवी झाली तर ती जराशी वळावी. फार आवळलेली लिव्हर वळत नाही, तुटते. दुसरा खिळीचा. लिव्हर ज्या बोल्टवर फिरते तो आणि त्याखालचा नट यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बोल्ट एवढाच फिरवा की लिव्हर डुलणार नाही पण सोडताच आपोआप परत जाईल. मग बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जागच्या जागी धरून खालून नट आवळा. खिळीला थोडं ग्रीस लावा. शेवटी क्लच लिव्हरच्या टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर मोकळी चाल आहे ना, ते बघा.

आरशाला दोनच गोष्टी: खालचा लॉकनट आवळायचा, आणि यामाहाच्या गाडीत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवायचं. डावी मूठ सरकत असेल तर काढून आतलं तेल-माती स्वच्छ पुसा, नळी कोरडी करा आणि चिकटवून बसवा. उजव्या मुठीला मात्र जपून. गोंदाचा एक थेंबही आतल्या फिरत्या नळीत गेला तर रेस अडकते. मूठ पिळून सोडली की ती झटकन मागे आली पाहिजे, हँडल सरळ असताना आणि दोन्ही टोकांना वळवलेलं असतानाही. इंजिन सुरू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. आवाज वाढला तर एखादी केबल ताणली जाते आहे. त्या अवस्थेत गाडी रस्त्यावर नेऊ नका.

राहिला कोन सेट. फ्रेमच्या पुढच्या नळीत वर आणि खाली छर्ऱ्यांच्या बैठका असतात, त्यांच्यावर सगळं हँडल फिरतं. पुढचं चाक जमिनीपासून उचललेलं ठेवून शॉकअपचं खालचं टोक दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढा. ‘टक’ असा झटका हातांना जाणवला तर कोन सैल आहे. नुसता पुढचा ब्रेक दाबून गाडी ढकलण्याच्या चाचणीवर विसंबू नका, ड्रमच्या ब्रेकमधली ढिलाईही तसाच आवाज देते. कोन घट्ट करायला हुक पाना लागतो. नट अगदी थोडा फिरवायचा, मग हँडल मध्यावरून अलगद सोडून द्यायचं. ते स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना विनाअडथळा पडलं पाहिजे. अडखळत पडलं तर जास्त झालं, आणि असं आवळलेलं हँडल सैल हँडलइतकंच घातक, कारण गाडी सरळ धरताना ती सतत इकडेतिकडे हुंदडते.

हँडल हळूहळू वळवताना बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं थांबत असेल, तर छर्ऱ्यांनी बैठकीत खड्डे पाडले आहेत. हे अंगणातलं काम नाही. लिंबू-मिरची बांधून, नट अर्धा वळसा जास्त फिरवून ते लपवू नका. पूर्ण कोन सेट बदलून घ्या, आणि गॅरेजात द्याल तेव्हा नुसतं ‘हँडल हालायलंय’ न म्हणता ‘मध्यावर अडकतंय’ असं सांगा.

घरी जे केलं असेल त्याची पहिली चक्कर गल्लीतच मारा, हळू, दोन्ही ब्रेक वापरून, हँडलला एकही पिशवी न अडकवता. शंभरेक किलोमीटर झाले की त्याच बोल्टांना पुन्हा पाना लावून बघा. नव्याने आवळलेला सांधा बसतो तेव्हा थोडा सैल होतोच.