फायबरच्या होडीचे छुपे दुखणे

कोकणातल्या एखाद्या खाडीच्या काठाने तुम्ही कधी चालत गेला आहात काय? गेला असाल, तर झाडाखाली पालथी किंवा उताणी पडलेली, शेवाळ चढलेली एखादी होडी तुम्ही नक्की पाहिली असेल. लाकडी होडी मोडली, तर तिच्या फळ्या चुलीत जातात. लोखंडी असेल, तर ती भंगारवाला नेतो. पण फायबरच्या होडीला कोणी विचारीत नाही. ती गंजत नाही, तिला वाळवी लागत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे आहे तशीच पडून राहते. निदान आपल्याला तसे वाटते!

अशीच एक पाच मीटर लांबीची मोटरहोडी माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरामागे उंडीच्या झाडाखाली आठ वर्षे पडून होती. त्याच्या वडिलांना ती पुन्हा पाण्यात घालून खाडीपार माणसे न्यायची होती. त्यांचे म्हणणे सरळ होते, "सर, फायबरला काय होतंय? घासायची, रंग मारायचा, की झाली नवी." त्यांनी ती साफ करून एक दिवस पाण्यात ठेवलीही. मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर मला गाठून म्हणाला, "सर, आमची होडी शेजाऱ्यांच्या होडीपेक्षा खोल बसते. दोन्ही एकाच साच्यातल्या आहेत, मग असं का?"

हा प्रश्न फार मोलाचा होता. तो का, हे समजण्यासाठी आधी फायबर म्हणजे काय ते पाहू.

काच आणि राळ

ज्याला आपण नुसते 'फायबर' म्हणतो, तो एक संमिश्र पदार्थ आहे. काचेचे अतिशय बारीक तंतू पॉलिएस्टरच्या राळेत बसवून तो तयार करतात. काच तर ठिसूळ. तिची होडी कशी होणार? याचे उत्तर ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मिळते. काच ठिसूळ असते ती तिच्यावरील सूक्ष्म चिरांमुळे. ताण दिला की त्या चिरा पसरत जातात. तंतू जितका बारीक, तितकी त्यात मोठी चीर असण्याची शक्यता कमी. त्याला सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या काचतंतूपेक्षा काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा तंतू तेवढ्याच क्षेत्रफळामागे जवळजवळ वीसपट ताण सहन करतो असे आढळले. ताण सहन करायचा तो तंतूंनी, आणि त्यांना एकत्र बांधून ठेवायचे ते राळेने, अशी ही वाटणी आहे.

या पदार्थाची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते. म्हणजे फायबरचा तुकडा पाण्यात टाकला तर तो बुडतो. होडी तरंगते ती तिच्या आकारामुळे. तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन तिच्या स्वतःच्या वजनाइतके होते म्हणून. पण होडीत पाणी भरले तर काय? यासाठी अशा होड्यांच्या फळीखालच्या पोकळीत हलका फोम भरलेला असतो. होडी पाण्याने भरली, तरी त्याच्या आधाराने ती तरंगत राहावी आणि माणसांना धरून राहता यावे, हा त्याचा उद्देश. थोडक्यात, हा फोम म्हणजे होडीतल्या माणसांचा शेवटचा आधार.

चार सेंटिमीटरांचा हिशेब

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आम्ही दोन्ही होड्या इंजिने उतरवून, पूर्ण रिकाम्या करून, संथ पाण्यात शेजारी शेजारी ठेवल्या. होडीचा काठ पाण्यापासून किती वर आहे, हे प्रत्येकीच्या चार ठिकाणी पट्टीने मोजले आणि सरासरी काढली. जुनी होडी चार सेंटिमीटर खोल बसली होती.

चार सेंटिमीटर म्हणजे काही फार नव्हे, असे वाटते ना? पण हिशेब करून पाहा. पाण्याच्या पातळीवर होडीचा छेद घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस मीटर होते. म्हणून जास्त सारलेले पाणी ४ × ०.०४ = ०.१६ घनमीटर. खाऱ्या पाण्याची घनता दर घनमीटरला १०२५ किलोग्रॅम धरली, तर त्याचे वस्तुमान १६४ किलोग्रॅम होते. होडीत कोणी नसताना अडीच माणसांचे ओझे तिच्यात बसलेले होते!

हे ओझे होते कुठे? तळाची फळी एका जागी कापून आम्ही फोमचा एक लिटर आकारमानाचा तुकडा काढला. कोरडा असता तर त्याचे वजन जेमतेम चाळीस ग्रॅम भरले असते. ते भरले सहाशे ग्रॅमच्या वर. फोममधली हवा जाऊन तिथे पाणी आले होते. बुडताना तारणारी वस्तू स्वतःच ओझे झाली होती, आणि वरून रंग मारला असता तर हे कोणालाही दिसले नसते.

पाणी शिरले कसे?

पहिला दोषी पाऊस. कोकणात पावसाळ्यात साधारण तीन मीटर पाऊस पडतो. होडीचा उघडा भाग ५ चौरस मीटर धरला, तर एका पावसाळ्यात तिच्यात १५ घनमीटर, म्हणजे १५,००० लिटर पाणी पडते. पाणी जाण्याचे भोक पाल्याने बुजले होते. साचलेले पाणी फळीतल्या प्रत्येक स्क्रूच्या भोकातून खाली झिरपले. नव्या फोमच्या पेशी बंद असतात. पण हादऱ्यांनी आणि वर्षांनी त्या फुटतात, आणि एकदा आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते.

दुसरे कारण जास्त गमतीचे आहे. तळाला बाहेरून रुपयाएवढे काही फोड आले होते. एक फोड फोडला, तेव्हा चिकट, आंबूस वासाचा द्रव निघाला. निळा लिटमस त्यात लाल झाला. होडीच्या बाहेरील जेलकोट नावाचा गुळगुळीत थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. पाण्याचे रेणू त्यातून हळूहळू आत जातात. आतल्या पोकळ्यांत राळेतले काही घटक त्या पाण्यात विरघळतात. पण हे मोठे रेणू थरातून बाहेर येऊ शकत नाहीत. ओळखलेत ना? हेच परासरण! पाण्यात घातलेला मनुका फुगतो तो याच कारणाने. द्रावणात लिटरमागे ०.१ मोल पदार्थ असला, तरी परासरण दाब सुमारे अडीच वातावरणांइतका होतो. मग थर फुगला तर नवल काय? समुद्राच्या पाण्यात क्षार असल्यामुळे ते इतक्या जोराने आत जात नाही. म्हणून हे फोड गोड्या पाण्यात लवकर येतात.

मागची फळी

खरा धोका मात्र होडीच्या मागच्या उभ्या फळीत, ट्रान्सममध्ये होता. बाहेरून ती फायबरची दिसत असली, तरी तिच्या पोटात प्लायवूड असते, आणि इंजिन तिलाच अडकवतात. तिच्यावर किती जोर येतो? २५ अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे २५ × ७४६, सुमारे १८,६०० वॅट. पंख्याकडून यातली निम्मी शक्ती कामी आली आणि वेग सेकंदाला ६ मीटर असला, तर शक्ती भागिले वेग, म्हणजे सुमारे १५५० न्यूटन रेटा मिळतो. पंखा फळीच्या वरच्या कडेपासून ०.६ मीटर खाली असतो. म्हणून परिबल सुमारे ९३० न्यूटन-मीटर. एक मीटर लांबीची कांब भिंतीत आडवी रोवून तिच्या टोकावर ९५ किलोग्रॅमचा माणूस उभा करावा, तेवढे हे परिबल! ते तासन्‌तास, लाटांच्या धक्क्यांसह सोसायचे.

आम्ही छोट्या हातोडीने ती फळी ठोकत गेलो. चांगल्या जागी टणटण आवाज येई. मध्यभागी आला बद्द. तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. लाकडाचा भुगा झाला होता. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी मानवते. म्हणजे ही होडी समुद्राने नव्हे, किनाऱ्यावरच्या पावसाने बिघडवली होती. अशा फळीवर इंजिन लावून भर खाडीत गेले असते, तर फळी इंजिनासकट उपटून आली असती. मालक बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "यात मी माझीच माणसं बसवणार होतो."

दुरुस्ती

सगळा ओला फोम आणि कुजके लाकूड काढले. त्यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे, पण सर्वांत महत्त्वाचे : वाळवणे. ओल्या पृष्ठावर नवी राळ नीट चिकटत नाही. वाळले की नाही, हे पाहायला आम्ही पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून उन्हात ठेवत असू. आतून थेंब धरले, की समजायचे, ओल अजून आहे. थेंब दिसेनासे व्हायला सात आठवडे लागले.

भोकावर नुसते ठिगळ लावून चालत नाही. जुनी राळ आधीच घट्ट झालेली असते. नवी तिला केवळ चिकटते, तिच्याशी एकजीव होत नाही. म्हणून चिकटण्याचे क्षेत्रफळ वाढवायचे. कडा उतरत्या घासायच्या, आणि उतार ठेवायचा तो जाडीच्या बारापट. ५ मिलिमीटर जाडीसाठी ६० मिलिमीटर रुंद उतार. मग त्यावर काचेच्या जाळीचे लहान-मोठे थर राळेत भिजवून बसवायचे.

इथे माझी एक चूक सांगतो. राळ घट्ट करण्यासाठी तिच्यात शेकडा एक ते दोन भाग उत्प्रेरक मिसळतात. ही अभिक्रिया उष्मादायी असते. एप्रिलच्या भर दुपारी मी घाईने एक किलोग्रॅम राळ एकाच डब्यात कालवली. दहा मिनिटांत डबा हाताला चटका देऊ लागला आणि धूर निघाला. तीच राळ पातळ पसरली असती, तर उष्णता मोठ्या पृष्ठभागातून निघून गेली असती. डब्यात आकारमान जास्त, पृष्ठभाग कमी! वर्गात मी हे नेहमी शिकवतो, तरी विसरलो. मुलांनो, हे काम जाणत्या माणसाशिवाय करू नका. काचेची धूळ फुफ्फुसांत जाते, उत्प्रेरक डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि उत्प्रेरक व प्रवेगक एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो.

नवे प्लायवूड, नवा फोम बसला. स्क्रूचे प्रत्येक भोक आधी मोठे पाडून राळेने भरले, आणि मग त्या राळेत नवे भोक पाडले. आता पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. या साऱ्यात तो हंगाम हातचा गेला.

पुन्हा पाण्यात

माणसे बसवण्याआधी आम्ही वाळूची पोती बसवली. त्याआधी रिकाम्या होडीचा काठ पुन्हा मोजला. चारपैकी साडेतीन सेंटिमीटर परत मिळाले होते! राहिलेला अर्धा सेंटिमीटर म्हणजे सुमारे वीस किलोग्रॅम. नव्या थरांचे वजन. आता दर पावसाळ्यानंतर तो मुलगा पट्टी घेऊन काठ मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. आकडा बदलला, तर पाणी पुन्हा शिरते आहे हे होडी दिसायला कितीही छान असली तरी कळेल.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून घ्यावा. प्लॅस्टिकचा एक चौकोनी डबा पाण्यात तरंगवा. विद्यार्थ्यांना न दाखवता त्याच्या तळाशी ओला स्पंज ठेवून झाकण लावा. डबा किती खोल बसला, हे मोजून आतल्या पाण्याचे वजन त्यांना सांगू द्या. मग डबा उघडून तराजूवर ताळा पाहा. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट पट्टीला कशी दिसते, हे एकदा अनुभवले की आर्किमिडीजचे तत्त्व पाठ करावे लागणार नाही.