यादी, पेटी आणि मोजणी

मेहरूण तलावाच्या अलीकडे, आमच्या गल्लीजवळच्या शाळेत मतदान केंद्र असतं. मागे एका निवडणुकीला आई सकाळीच ठेवणीतलं पातळ नेसून गेली आणि अर्ध्या तासात परत आली. यादीत तिचं नाव नव्हतं. "म्हणजे सरकारच्या लेखी मी मेले का गं?" एवढंच ती म्हणाली. चूक कुणाची, हे शोधत मी बसले नाही. पण तिच्या प्रश्नाने मला निवडणुकांच्या इतिहासाकडे वळवलं. मतदाराचं नाव आधी यादीत यावं लागतं, त्याचं मत पेटीत सुरक्षित राहावं लागतं आणि शेवटी ते सर्वांदेखत मोजलं जावं लागतं. एखादा देश लोकशाहीकडे वळतो तेव्हा या तीन जागी त्याची परीक्षा होते.

प्रत्येकाला मत हवं, ही मागणी खानदेशाला नवी नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं. तेव्हा प्रांतिक निवडणुका तोंडावर होत्या, पण मताधिकाराला मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटी होत्या. प्रौढ मताधिकाराने निवडलेली घटना समिती हवी, असं फैजपूरने मागितलं. त्यानंतर १५ वर्षांनी, १९५१-५२ मध्ये, १७ कोटींहून अधिक मतदारांची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली.

पहिली अडचण यादीचीच आली. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' यापलीकडे स्वतःचं नाव सांगायला अनेक बायका तयार नव्हत्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं गळाली. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. निर्णय कठोर होता, पण बाई स्वतःच्या नावाने नागरिक आहे, हे त्यातून ठरलं.

पेटीची अडचण निरक्षरतेची होती. त्यावर प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलं. मतदाराने शिक्काही मारायचा नव्हता. कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. ही निवडणूक पार पाडलेल्या सेनांना १९५३ मध्ये सुदानची निवडणूक घेण्यासाठी बोलावलं गेलं.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या चिमुकल्या देशात अशीच युक्ती आजवर टिकली आहे. तिथे प्रत्येक उमेदवाराचा रंगवलेला पिंप असतो आणि मतदार त्यात काचेची गोटी सोडतो. आत घंटी वाजते. एकाने दोन गोट्या टाकल्या, तर बाहेरच्यांना दोनदा ऐकू येतं. म्हणून त्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकलच्या घंटीलाही बंदी असते.

पण गांबियाची खरी गोष्ट मोजणीची आहे. १९९४ मध्ये लष्करी बंडाने सत्तेवर आलेले याह्या जामे १ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत अदामा बॅरो यांच्याकडून हरले. त्या वेळी प्रथमच गोट्या केंद्रावरच, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर मोजल्या गेल्या. त्यामुळे निकाल राजधानीत पोचण्याआधीच गावोगावी माहीत झाला होता. जामेंनी आधी पराभव मान्य केला आणि आठवड्याभरात शब्द फिरवला. पुढे निवडणूक आयोगाचं कार्यालयही सैनिकांनी ताब्यात घेतलं. तेव्हा वकिलांच्या आणि शिक्षकांच्या संघटना जाहीरपणे उभ्या राहिल्या. 'गांबियाने निर्णय दिला आहे' असं छापलेले टी-शर्ट तरुणांच्या अंगावर दिसू लागले. शेजारी राष्ट्रांनी आधी बोलणी केली, मग सैन्य पाठवलं. २१ जानेवारी २०१७ रोजी जामे देश सोडून गेले.

शेजाऱ्यांचं सैन्य कामी आलं, हे खरंच. पण ते नेमकं कुणाच्या बाजूने उभं राहणार, हे त्या केंद्राकेंद्रांवरच्या उघड मोजणीने आधीच ठरवलं होतं. परदेशी निरीक्षक चार दिवस येतात आणि जातात. गावात राहतात ते शिक्षक, वकील, पेटीजवळ बसलेला पक्षाचा पोरगा आणि यादी वाचणारी शेजारीण.

आईसाठी मी सहा नंबरचा अर्ज भरला. तिचं नाव आलं. आता प्रारूप यादी लागली की आम्ही दोघी ती घेऊन ओट्यावर बसतो. मी नावं वाचते आणि आई गल्लीतली घरं बोटांवर मोजते.