नव्या शाळेचा प्रस्ताव कसा वाचावा?

मंडळी, शेताचा व्यवहार करावयाचा झाला तर आपण काय करतो? सातबारा काढतो, फेरफार पाहतो, बांधावर जाऊन हद्दीचे दगड पाहतो, शेजाऱ्याला चार गोष्टी विचारतो आणि मगच इसार देतो. पण गावालगत नवी शाळा निघणार असे कानावर आले, की एवढी चौकशी सहसा कोणी करीत नाही. फलकावरचे इमारतीचे चित्र पाहावे, ‘इंटरनॅशनल’ हा शब्द वाचावा आणि पोराचे नाव घालण्याची तयारी करावी, असा आपला रिवाज. आता बघा, शेताचा व्यवहार फसला तर पैसा जातो. शाळेचा फसला तर पोराची आठ-दहा वर्षे जातात. तेव्हा सातबारा वाचतो त्याच डोळ्यांनी शाळेचा प्रस्ताव वाचावयास आपण शिकले पाहिजे.

हा विषय आज पनवेल-उरण भागातल्या गावांच्या अगदी दाराशी येऊन उभा आहे. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याच वर्षी शासनाने उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गावांसाठी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची योजना पुढे आणली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे ते काम सोपविले. गावकऱ्यांनी या योजनेवर हरकती घेतल्या. तो वेगळा विषय आहे. परंतु जेथे नगर वसते तेथे घरे येतात, घरांमागून मुले येतात आणि मुलांमागून शाळांचे प्रस्ताव येतात. हे प्रस्ताव तपासतो कोण आणि त्यांत पाहावयाचे काय, एवढेच आज समजून घेऊ या.

आधी कायद्याची वाट पाहू. महाराष्ट्रात २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे शासनाचे अनुदान न घेता आपल्या पैशावर चालणारी शाळा. नोंदलेला न्यास किंवा संस्था अशी शाळा काढू शकते. डिसेंबर २०१७ मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून कंपन्यांनाही हे दार उघडून दिले. अर्ज शिक्षण खात्याकडे जातो. संस्थेची नोंदणी, जागेचे कागद, पैशाची तजवीज यांची छाननी होते आणि परवानगी राज्य शासन देते.

पण परवानगी मिळाली म्हणजे सारे झाले, असे नाही बरं का! बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे मान्यतेचे प्रमाणपत्र घेतल्यावाचून खाजगी शाळा चालविता येत नाही. चालविली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालूच ठेवली तर दर दिवसाला दहा हजार. म्हणून शाळेच्या कचेरीत गेल्यावर पहिली मागणी करावी ती मान्यतेच्या प्रमाणपत्राची. मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, तोही विचारावा. त्यात संकोच कसला?

आता थोडे परदेशात डोकावू. अमेरिकेत ‘चार्टर’ नावाच्या शाळा आहेत. आपण त्यांना सनदी शाळा म्हणू. मिनेसोटा राज्याने १९९१ साली यासाठी पहिला कायदा केला आणि १९९२ साली सेंट पॉल शहरात अशी पहिली शाळा सुरू झाली. तेथे पैसा सरकारचा, शिक्षण विनाशुल्क, पण कारभार स्वतंत्र मंडळाकडे. अशी शाळा काढणाऱ्याला आधी लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. कोणती मुले येणार, ती काय शिकणार, शिकविणार कोण, मुले अपेक्षेपेक्षा कमी आली तर खर्च कसा भागणार, हे सारे त्यात लिहावे लागते. सनद ठराविक वर्षांची असते. मुदत संपली की लिहून दिलेले वचन पाळले का ते तपासतात. न पाळले तर सनद वाढवीत नाहीत आणि शाळा बंदही होते. तिथेही तंटे आहेतच. मुलांबरोबर पैसाही जातो आणि जुन्या सरकारी शाळा दुबळ्या होतात, अशी तेथील पुष्कळ पालकांची व शिक्षकांची तक्रार आहे.

आपल्याकडे याच्या जवळचा प्रयोग म्हणजे महापालिकेची शाळा बाहेरच्या संस्थेने चालविणे. पुण्यात २००७ पासून ‘आकांक्षा’ या संस्थेने महापालिकेबरोबर अशा शाळा चालविल्या. मुंबई महापालिकेने २०१३ साली भागीदारीचे धोरण मंजूर केले, तेव्हा वादही झाला. परंतु नव्या वसाहतींत ज्या शाळा निघतात त्या बहुतेक या प्रकारच्या नसतात. त्या फीवर चालतात. म्हणजे सनदी शाळेचे वचन सरकार तपासते, तर फीवरच्या शाळेचे वचन तपासण्याचा पुष्कळसा भार तुमच्याआमच्यावर येतो. कागद खाते पाहील, पण कागदावर नसलेले प्रश्न गावाने विचारावयाचे आहेत. असे पाच प्रश्न मी सांगतो.

पहिला प्रश्न : ही शाळा कोणाच्या मुलांसाठी? आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. प्रस्तावात ‘परिसरातील गरज’ असा गोड शब्द असतो. तो परिसर नकाशावर काढून मागावा. इमारतींच्या वसाहतीपुरती बस फिरणार, आणि डोंगराकडेच्या आदिवासी वाडीतले पोर मात्र पावसात ओढा ओलांडून चालत जाणार, असे असेल तर त्या शाळेने कोणाची गरज भागविली?

दुसरा प्रश्न : शिकविणार कोण? पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार आणि २०० पर्यंत पाच, असे कायद्याच्या परिशिष्टात सांगितले आहे. १५० च्या वर मुले गेली की मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा आणि विज्ञान-गणित, समाजशास्त्र व भाषा यांना निदान एकेक जाणकार हवा. मुलामुलींची स्वच्छतागृहे वेगळी, पिण्याचे स्वच्छ पाणी, खेळाचे मैदान, कुंपण आणि ग्रंथालय हेही त्याच परिशिष्टात आहे. भिंतींचा रंग आणि वर्गातला पडदा त्यात कोठेच नाही.

तिसरा प्रश्न : पैशाचा मेळ बसतो का? नमुन्यादाखल एक हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. पाच वर्ग, प्रत्येकी ३० मुले, म्हणजे १५० मुले. त्यांतली सुमारे ३७ कायद्याने मोफत, म्हणजे फी देणारी ११३. महिना फी १,५०० रुपये धरली तर जमा १,६९,५०० रुपये. पाच शिक्षकांना प्रत्येकी २५,००० दिले तर १,२५,००० गेले. उरलेल्या ४४,५०० मध्ये शिपाई, वीज, पाणी, डागडुजी आणि जागेचे भाडे. कसेबसे भागेल. पण पहिल्या वर्षी वर्ग एकच असतो. ३० मुलांपैकी ८ मोफत, २२ फी देणारी. जमा ३३,००० आणि दोन शिक्षकांचाच पगार ५०,०००. मोफत मुलांची रक्कम शासनाकडून मिळावयाची असते, पण ती वेळेवर येत नाही अशी संस्थांची नेहमीची तक्रार. मग दरमहा ही १७,००० ची तूट कोण भरणार? संस्थेजवळ गंगाजळी असेल तर उत्तम. नसेल तर तूट दोनच ठिकाणांहून भरते : शिक्षकाच्या पगारातून, नाहीतर पालकाच्या खिशातून. प्रवेशासाठी देणगी मागण्यास आणि मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेण्यास कायद्याने बंदी आहे. फी ठरविण्यासाठी राज्याचा २०११ चा कायदा आहे आणि त्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला स्थान आहे. त्या समितीवर कोण बसते, इकडे लक्ष ठेवा.

चौथा प्रश्न : पंचवीस टक्के जागांचे काय? अल्पसंख्याकांच्या शाळा सोडल्या तर प्रत्येक विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या वर्गातील चतुर्थांश जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या आहेत. ४० जागांचा वर्ग असेल तर १० जागा. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. तेव्हा ‘आमच्याशेजारी जिल्हा परिषदेची शाळा आहे, आम्हाला हा नियम नाही,’ असे कोणी सांगितले तर ते मानू नका. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ही मोफत सोय आठवीपर्यंतचीच आहे. नववीची फी कशी भरावयाची याचा विचार पहिलीतच करून ठेवा.

पाचवा प्रश्न सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा : आहे त्या शाळेचे काय होणार? जिल्हा परिषदेच्या शाळेत किती शिक्षक द्यावयाचे हे पटावर ठरते. नव्या शाळेने दहा मुले उचलली की पट घटतो, पट घटला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की उरलेल्यांतलीही चार मुले जातात. उतरणीला लागलेली गाडी ती. २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक असल्याचे २०२३ साली समोर आले आणि अशा शाळांची समूहशाळा करावी असा विचार तेव्हा पुढे आला. समूहशाळा म्हणजे काहींच्या दृष्टीने सोय, पण वाडीवरच्या सहा वर्षांच्या पोरीच्या दृष्टीने लांबलेली वाट. खाजगी शाळेच्या प्रस्तावात या पोरीचा उल्लेख नसतो. तो गावानेच करावयाचा.

तुम्ही म्हणाल, आम्हा खेड्यातल्यांना कोण विचारतो? विचारीत नसतील तर आपण विचारावे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. साधा अर्ज आणि दहा रुपये शुल्क देऊन शिक्षण खात्याकडून प्रस्तावाची प्रत मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची. मुलाच्या शिक्षणहक्काबाबत गाऱ्हाणे असेल तर ३२ व्या कलमाप्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करावा. त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यावयाचा असतो. त्याने समाधान झाले नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

शिक्षकबंधुभगिनींना एक वेगळी विनंती. वाडी-पाड्यावरची सहा ते चौदा वयाची मुले किती, शाळेत येणारी किती, गळालेली किती, हा तक्ता तुमच्याइतका खरा दुसरा कोणी करू शकणार नाही. तो ग्रामपंचायतीच्या हाती द्या. आणि नवी शाळा ही शत्रू आहे असे समजू नका. आईबाप मुलाला दुसरीकडे नेतात त्याला बहुधा कारण असते. कधी इंग्रजीची ओढ, कधी वर्षभर रिकामी राहिलेली शिक्षकाची जागा. पहिले कारण आपल्या शाळेत इंग्रजी चांगले शिकवून दूर करता येते. दुसऱ्यासाठी गावाने पंचायत समितीचा पिच्छा पुरवावा लागतो. नवी शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी २०२० च्या कायद्याप्रमाणे तेथे मराठी शिकविणे सक्तीचे आहे, हेही पालकांना सांगा.

२५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या लोकांनी जंगल सत्याग्रह केला. गोळीबार झाला, आठ जण हुतात्मे झाले. डोळ्यांसमोरच्या रानाबद्दल आम्हाला न विचारता कायदे होतात, हे त्यांना मान्य नव्हते. आज शाळेबद्दल विचारावयाला कोणी गोळी झेलण्याची गरज नाही. एक अर्ज आणि ग्रामसभेतला एक ठराव पुरे आहे. शाळा जूनमध्ये उघडतात, प्रवेशाची धामधूम त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. तेव्हा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत झेंडावंदनानंतर हा विषय घ्या. नकाशा, शिक्षक, हिशेब, पंचवीस टक्के आणि आपली जुनी शाळा, एवढे पाच शब्द फळ्यावर लिहा आणि प्रस्ताव आणणाऱ्या गृहस्थांना मानाने खुर्ची देऊन त्यांची उत्तरे सर्वांसमक्ष ऐका. ज्याची शाळा खरी असेल त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही.