पेशीविभाजनाचे ‘नियंत्रण’: एका शब्दाची चिकित्सा

काही वर्षांपूर्वी रुग्णांना वाटावयाच्या एका माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद प्रस्तुत लेखकाने केला होता. कर्करोगाची व्याख्या करताना ‘पेशींची अनियंत्रित वाढ’ हा रूढ शब्दप्रयोग त्याने निःशंकपणे योजला. पुढे महापे येथील औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे एक शेजारी ते पत्रक घेऊन आले. त्यांच्या आईस गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. त्यांनी विचारले, “सर, ह्यात ‘अनियंत्रित’ लिहिलंय. म्हणजे नियंत्रण ठेवायचं होतं कुणी? आईनं?”

ह्या प्रश्नाचे उत्तर लेखकापाशी नव्हते. ‘नियंत्रण’ म्हटले की नियंता ओघानेच आला, आणि नियंता आला की त्याच्या कसुरीचा विचारही आला. पेशीत असा नियंता खरोखर असतो काय, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशीचे एक चक्र सर्वसाधारणपणे २४ तासांच्या आसपास पुरे होते. पहिल्या टप्प्यात पेशी वाढते; दुसऱ्यात तिच्या डीएनएची प्रत निघते; तिसऱ्यात पुढील तयारी होते; आणि चौथ्यात ४६ गुणसूत्रांच्या दोन्ही प्रती विलग होऊन एका पेशीच्या दोन होतात. हा शेवटचा टप्पा जेमतेम तासाभराचा असतो.

हे चक्र फिरते कशाने, ह्याचा उलगडा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. लेलंड हार्टवेल ह्यांनी यीस्टचे असे वाण शोधून काढले की ज्यांचे विभाजन ठरावीक जागी अडून राहते. पॉल नर्स ह्यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टमधील एक कळीचे जनुक हेरले व १९८७ मध्ये त्याचे काम मानवी जनुकही करू शकते असे दाखविले. टिम हंट ह्यांना १९८२ मध्ये सागरी अर्चिनच्या अंड्यांत एक प्रथिन आढळले. ते हळूहळू साचे आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसे होई. हेच ‘सायक्लिन’ होय. ह्या तिघांस २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सायक्लिन पुरेसे साचले की ते कायनेज नावाच्या एन्झाइमास बिलगते व त्यास कार्यप्रवण करते. काम होताच पेशी सायक्लिन नष्ट करून टाकते. नष्ट झालेले प्रथिन परत येत नाही, म्हणून चक्रही मागे फिरत नाही. येथे कोणी आज्ञा देणारा नाही; आहे ते साचणे आणि मोडणे.

तथापि चक्र नुसते फिरून भागत नाही. चूक असल्यास ते थांबले पाहिजे. त्यासाठी ठिकठिकाणी तपासणीच्या जागा आहेत. त्यांना मराठीत ‘नाका’ म्हणावे, असे लेखकास वाटते. मुंबईतील जकात २०१७ मध्ये संपली, पण नाका हा शब्द लोकांच्या तोंडी राहिलाच आहे. मात्र टोलनाक्यावर पैसे भरल्याखेरीज गाडी सुटत नाही. पेशीच्या नाक्यावरील रीत निराळी आहे. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ज्या तंतूंनी ओढली जातात, त्यांच्या रचनेस टकळीसारख्या आकारावरून तर्कू म्हणतात. तर्कूला न जोडलेले गुणसूत्र स्वतःच ‘थांबा’ असा रासायनिक संकेत देत राहते. असे एक गुणसूत्र उरले तरी चक्र रोखले जाऊ शकते. सर्व जोडली गेली की संकेत विरतो आणि वाट मोकळी होते. सारांश, पेशीत ‘जा’ असा हुकूम कोणी देत नाही. ‘थांबा’ म्हणणारे गप्प होतात.

असेच दोन रोधक आणखी आहेत. आरबी हे प्रथिन पेशीस डीएनएची प्रत काढण्यापूर्वी अडवून धरते. पी-५३ हे प्रथिन डीएनएला इजा झाल्यास चक्र थांबविते. इजा मोठी असल्यास पेशीस मरणाकडेही नेते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नेमके हेच दोघे निकामी होतात. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे ई-७ हे प्रथिन आरबीस निष्प्रभ करते, तर ई-६ हे पी-५३ चा नाश घडवून आणते. हा विषाणू इतका सर्वसामान्य आहे की बहुतेकांना आयुष्यात केव्हातरी त्याचा संसर्ग होतोच, आणि बहुतेकांचे शरीर तो घालवूनही टाकते. थोड्यांच्या ठिकाणी तो वर्षानुवर्षे टिकतो व अपाय करतो.

ह्या ज्ञानाचा उपयोग महाराष्ट्रातच सिद्ध झाला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ मध्ये ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. ज्या गटात विषाणूची तपासणी अवघी एकदा झाली, त्यात ह्या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या सुमारे निम्मे राहिले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मुंबईस अशा संशोधनाची परंपरा जुनी आहे. परळ येथे १९५२ मध्ये डॉ. वसंत खानोलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले, तेथेच डॉ. कमल रणदिवे ह्यांनी पुढील दशकात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती परंपरा आज महापे गावाच्या दक्षिणेस, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत चालू आहे. आपल्या घराजवळ चाललेल्या ह्या कामाविषयी बोलावयास नेमके शब्द पुरविणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

लेखकाने आपले वाक्य पुढे बदलले: ‘पेशीस थांबविणारी प्रथिने निकामी झाल्यामुळे तिचे विभाजन चालूच राहते.’ हे वाक्य अधिक लांब आहे, पण त्यात कोणावर ठपका नाही. ते वाचून शेजाऱ्यांनी विचारले, “मग ती निकामी कशानं झाली?” ह्या प्रश्नास मात्र उत्तर होते, आणि त्यांच्या बहिणीने व पत्नीने तपासणी करून घ्यावी, हे त्याच उत्तराच्या ओघात त्यांना सांगता आले.