परार्धापलीकडची संख्या

गेल्या वर्षी इंदूरला पदवीच्या वर्गात शिकवताना ‘परार्ध’ हा शब्द आला. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, परार्ध म्हणजे नेमके किती?” मी म्हणालो, “अगणित.” तास पुढे गेला, पण उत्तर चुकले होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दसपटीने वाढणारी १८ स्थाने दिली आहेत. परार्ध हे त्यांतले शेवटचे, म्हणजे १ वर १७ शून्ये.

दुसऱ्या दिवशी चूक कबूल केली आणि परार्धालाही मागे टाकणारी एक संख्या फळ्यावर लिहिली : १८४४६७४४०७३७०९५५१६१५. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात १ दाणा, पुढे प्रत्येक घरात दुप्पट, या कथेतली ही ६४ घरांची बेरीज. कोणत्याही घरातले दाणे आधीच्या सर्व घरांतील बेरजेहून एकाने जास्त असतात. म्हणून ६५ व्या घरात जेवढे दाणे आले असते, त्याहून ही बेरीज एकाने कमी. म्हणजे २ चा ६४ वा घात उणे १.

वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र पुन्हा पुन्हा लावले की तिचे अवयव सुटे होतात : ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. यांतली प्रत्येक संख्या आधीच्या सर्वांच्या गुणाकारात २ मिळवून येते : ३ × ५ + २ = १७. या मालिकेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात, असे फर्मा या थोर फ्रेंच गणितज्ञाला वाटत होते. पहिल्या पाच मूळ आहेतच. मात्र सहावी ६४१ × ६७००४१७ आहे, हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले. थोरांचा शब्दही पडताळावा लागतो, तिथे माझ्या ‘अगणित’ची काय कथा!

मग वाचन. मुलांनी हिंदीतून वाचले : १८४ शंख, ४६ पद्म, ७४ नील, ४० खरब, ७३ अरब... एकाने ‘४० खरब’चे मराठी ‘४० खर्व’ असे केले. इथेच खरी मेख आहे. हिंदीतल्या खरबात १ वर ११ शून्ये. ‘लीलावती’तल्या खर्वात १०. शब्द सख्ख्या भावांसारखे दिसतात, पण किंमत दहा पटींनी घसरते. ‘लीलावती’च्या क्रमाने वाचन असे : १८४ परार्ध, ४६ अंत्य, ७४ शंकू, ४० निखर्व, ७३ अब्ज, ७० कोटी, ९५ लक्ष, ५१ सहस्र, ६१५.

दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलांना अशा जोडशब्दांतला फरक कोणीतरी सांगायला हवा. तो गणिताच्या शिक्षकांवर सोपवून आपण भाषेचे लोक मोकळे होऊ शकत नाही. ‘अगणित’ म्हणण्याआधी किती शून्ये, एवढे तरी मी आता पाहून घेतो.