पानाच्या कडेवरची पिल्लं

पानफुटीचं पान ओल्या मातीवर टाकलं की काही दिवसांत त्याच्या खाचांमधून रोपं डोकावू लागतात, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तिची एक जवळची नातलग आता नर्सऱ्यांमध्ये सक्युलंट म्हणून विकली जाते : कॅलँको डेग्रेमॉन्शियाना, अर्थात ‘मदर ऑफ थाउजंड्स’. हिचं पान तोडावंही लागत नाही. पान झाडावर असतानाच त्याच्या खाचाखाचांत दोन चिमुकली पानं आणि दोऱ्याएवढी मुळं घेऊन रोपं तयार असतात. जरा हात लागला की ती गळतात आणि पडतील तिथे रुजतात.

दोघी मूळच्या मादागास्करच्या. मग एवढा फरक कशामुळे? २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग काढला, तेव्हा ते एलईसी-१ या जनुकापाशी पोहोचले. एरवी हे जनुक बियांमधल्या गर्भासाठी राबतं. बी वाळलं तरी आतला गर्भ तगावा, ही तजवीज त्याची. पानफुटीत ते शाबूत आहे आणि तिला रुजणारं बीही धरतं. डेग्रेमॉन्शियानात मात्र त्याचा एक तुकडा गळालेला आहे आणि हे अपुरं जनुक पानांमध्येही जागं होतं. त्यामुळे रुजणारं बी गेलं, पण पानावरचा अंकुर सुप्तावस्थेत न जाता थेट रोप होऊ लागला.

गुणसूत्रांचा हिशेबही तितकाच बोलका आहे. पानफुटीत ती ४० असतात. डेग्रेमॉन्शियानात ३४, म्हणजे १७चे दोन संच. नळीसारख्या पानांच्या कॅलँको डेलागोएन्सिसमध्ये चार संच, म्हणजे ६८. आर्थर हॉटन यांनी १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात या शेवटच्या दोघींचा संकर केला. दोन्हीकडून निम्मा वाटा आला तर संकरात १७ आणि ३४ मिळून ५१ गुणसूत्रं येतात. तीन संचांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, त्यामुळे परागकण आणि बीजांडं धड तयार होत नाहीत. अशी रोपं आहेतच, पण ६८ गुणसूत्रांची संकरित रोपंही आढळली. स्पेनच्या किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलियापर्यंत हा संकर कुंडी सोडून रानोमाळ पसरला आहे, आणि त्यात ६८वाल्यांचा वाटा मोठा आहे. ऑस्ट्रेलियात तर या गटातली झाडं खाऊन गुरं दगावतात.

बी धरत नाही म्हणून झाड निरुपद्रवी, हा समज इथे साफ खोटा ठरतो. बियांची वाट बंद झाली तरी पानाच्या कडेची वाट उघडी आहे, आणि त्या वाटेने येणारं प्रत्येक रोप आईची हुबेहूब प्रत असतं. ही झाडं हौसेने जरूर लावा, पण कुंडीखाली ताटली ठेवा आणि गळलेली रोपं वेळच्या वेळी वेचा. छाटलेली पानं नदीकाठी, ओढ्यात किंवा मोकळ्या माळावर टाकू नका; उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच त्यांची विल्हेवाट लावा.